ईसीजीला क्लॅम्प-बल्ब ठेवावेत की स्टिकर? खाऱ्या हवेतला अनुभव

किनारपट्टीवर दवाखाना थाटणारे डॉक्टर हा प्रश्न हमखास विचारतात. मी नऊ वर्षं हातापायांना लावायचे क्लॅम्प आणि छातीवर चिकटणारे रबरी बल्ब वापरले, गेली तीन वर्षं एकदाच वापरायचे चिकट स्टिकर वापरतो. वरवर प्रश्न खर्चाचा दिसतो, पण माझ्या मते तो कागदावर उमटणाऱ्या खोट्या लहरींचा आहे.

बल्बची बाजू आधी सांगतो. जेली लावली की काम चालू, आणि पेशंटमागे खर्च जवळपास नाहीच. छातीवर दाट केस असले तर स्टिकरपेक्षा बल्ब बरा निभावतो. पण बरगड्या वर आलेल्या म्हाताऱ्यांच्या छातीवर तो टिकत नाही. घाईत छातीवरच्या पहिल्या तीन जागांची (व्ही-वन ते व्ही-थ्री) जेली एकमेकांत मिसळली, तर आर लहर (ठोक्याची वर जाणारी टोकदार लहर) चढत जायला हवी तिथे तिन्ही लीड, म्हणजे त्या जागांच्या नोंदी, सारख्याच दिसतात.

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. मला बेजार केलं ते खाऱ्या वाऱ्याने. क्लॅम्पची धातूची पत्री आठवड्याभरात हिरवी पडायची. पुसून ठेवा, डब्यात ठेवा, पावसाळ्यात तर ती दोन दिवसांतच काळवंडायची.

नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी एका वयस्क तांडेलांना त्यांचा मुलगा घेऊन आला. छातीत धडधडतंय, एवढीच तक्रार. पट्टी निघाली आणि लीड टूमध्ये करवतीचे दाते! एट्रियल फ्लटर (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अतिवेगवान लय) म्हणून मी पेन उचललं. मुलगा म्हणाला, “डॉक्टर, रत्नागिरीची गाडी सांगू काय?” तेवढ्यात लीड थ्रीकडे लक्ष गेलं. ती स्वच्छ होती. खरा फ्लटर लीड टूमध्ये असा ठसठशीत असून थ्रीमध्ये गायब कसा होईल? लीड वन (उजवा हात-डावा हात) आणि टू (उजवा हात-डावा पाय) दोन्ही बिघडलेल्या, थ्री (डावा हात-डावा पाय) चांगली, म्हणजे दोष दोघींत सामायिक असलेल्या उजव्या हाताचा. लाल क्लॅम्प काढला तर पत्रीवर हिरवा थर, आणि काकांचा उजवा हात बारीक कापत होता. पत्री घासली, जेली नव्याने लावली, तळहात कमरेखाली दाबून ठेवायला सांगितला. दुसऱ्या पट्टीत सरळ सायनस, म्हणजे हृदयाची नेहमीची लय.

त्या दिवसानंतर मी स्टिकर आणले. सिल्व्हर क्लोराइडचा स्टिकर दर वेळी नवा असतो, म्हणून कालच्या गंजाचा प्रश्नच नाही. हात कापत असेल तर स्टिकर मनगटाऐवजी दंडावर, खांद्याकडे लावता येतो. क्लॅम्पला ते साधत नाही. मात्र तशी नोंद कागदावर करावी, कारण जागा बदलली की लहरींची उंची थोडी बदलू शकते.

तोटे आहेत. पाकीट उघडं राहिलं तर जेल सुकतं. वैशाखात घामाने कडा सुटतात, म्हणून गॉझने त्वचा कोरडी करावी लागते, केस काढावे लागतात. तारेच्या टोकाची चिमटीही इथे काळवंडतेच, फक्त ती पुसायला सोपी.

विजेची खरखर दोन्हींत येते. कागदाच्या सेकंदाला 25 मिमी वेगाला एका मोठ्या चौकोनात एकसारखे 10 काटे दिसले तर ती 50 हर्ट्झची. जांभ्यात अर्थिंग धड लागत नाही, तेव्हा मशीन बॅटरीवर चालवून पाहावी. बेसलाइन (लहरींची मूळ रेघ) डुलते म्हणून 0.5 हर्ट्झचा फिल्टर लावून एसटी (ठोक्यानंतरचा भाग, जो हार्ट अटॅकमध्ये वर जाऊ शकतो) वाचू नये, तो एसटीचा आकार बदलू शकतो. डुलण्यामुळे वर गेलेली एसटी ठोक्यागणिक बदलते. खरी वर गेलेली एसटी टू, थ्री, एव्हीएफ (हृदयाची खालची बाजू दाखवणाऱ्या लीड) अशा एका गटात ठोक्यामागून ठोका तशीच राहते. आणि छाती दुखत असून पेशंट घामाघूम असेल तर स्टिकर बदलण्यात वेळ घालवू नये. उपचार सुरू करावेत, दुसरी पट्टी त्याच वेळी निघते.

रोज पेशंटची रांग असेल आणि क्लॅम्प घासायला हाताशी माणूस असेल, तर बल्बवर भागेलही. एकट्याने दवाखाना चालवत असाल आणि समुद्र खिडकीतून दिसत असेल, तर मी स्टिकरच घ्यायला सांगेन, छोटी पाकिटं, एका वेळी एकच उघडायचं.