बागेतल्या ब्रंचसाठी भाड्याने घेतलेलं टेबल-खुर्च्यांचं सामान

रविवारी घरामागच्या एवढ्याशा बागेत ब्रंच ठेवलेला, त्यासाठी कोथरूडमधल्या आमच्या कोपऱ्यावरच्या मंडपवाल्या काकांकडून 12 खुर्च्या, दोन फोल्डिंग टेबलं आणि शेगडी भाड्याने आणली. सकाळी आठलाच सामान दारात, खुर्च्या स्वच्छ पुसलेल्या, मनापासून आवडलं. पण एका टेबलाच्या पायाचं लॉक सैल होतं, त्यात तो पाय फरशी सोडून मातीत रुतला आणि मिसळीच्या कटाचं पातेलं घरंगळायलाच लागलं, भाचीने फडक्याने धरलं म्हणून वाचलं. फोन केला तर काका वीस मिनिटांत दुसरं टेबल घेऊन हजर, वर पायांखाली ठेवायला प्लायचे चार तुकडेही दिले. छोट्या बागेत दोन टेबलं मधे जोडू नका, भिंतीला लावा म्हणजे वाढणाऱ्याला फिरता येतं, हे त्यांनीच सांगितलं आणि खरंच खूप फरक पडला. एकच, मोठी छत्री पण मागून घ्या, डिसेंबरात पुण्यात दहापर्यंत ऊन छान वाटतं पण अकरानंतर डोक्यावर टोचायला लागतं. डिपॉझिट तिथल्या तिथे परत मिळालं. बाबांच्या साठीलाही यांच्याकडूनच घेणार.