माळेगावची यात्रा : जनावर घ्यायला जाणार असाल तर

लाल कंधारी किंवा देवणी जातीचं जनावर (गाय-बैल) घ्यायचं असेल तर लोहा तालुक्यातलं (जि. नांदेड) माळेगाव गाठावं. नुसतं कृषी प्रदर्शन पाहायला एवढ्या लांब जाऊ नये. तिथली बहुतेक औजारं तालुक्याच्या दुकानातही दिसतात.

यात्रा खंडोबाची. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला देवस्वारी निघते, लगेच वेळ अमावस्या. खरिपाचा पैसा हातात आणि रब्बीची पेरणी उरकलेली, म्हणूनच बाजार या दिवसांत रुजला. १९५६ पर्यंत नांदेड, बीदर, निजामाबाद एकाच हैदराबाद राज्यात होते. सीमा नंतर पडल्या, गिऱ्हाईक मात्र तिकडूनही येत राहिलं. आता आयोजन नांदेड जिल्हा परिषद करते. घोडे, गाढवं, उंट, कुत्री असं सगळंच इथे विकायला येतं.

कंधारी पारखताना रंग गडद लाल, डोळ्यांभोवती काळी कड आणि कान लांब, लोंबते बघा. देवणीत वानेरा म्हणजे अंग पांढरं नि तोंडाच्या बाजू काळ्या, शेवरा म्हणजे अंगभर काळे-पांढरे ठिपके. रंगावर भाळून वय बघायचं राहतं, तिथेच गिऱ्हाईक फसतं. खालचा जबडा उघडून दुधाचे सोडून पक्के दात मोजा: दोन दाती साधारण दोन-अडीच वर्षांचा, चार दाती तीनच्या आसपास, जुळलेला, म्हणजे आठही दात आलेला, पाचाच्या घरात. त्यापुढे दातांची झीज बघून अंदाजच करावा लागतो. बैल चालवून, शक्यतो जुंपून बघा. बांधलेल्या जागी लंगडं जनावरही सरळ उभं राहतं. खुरांच्या बेचक्यात बोट घालून जखम तपासा आणि खांद्यावरून हात फिरवा, आवाळू (जू घासून आलेली गाठ) असेल तर हाताला लागतं.

दलाल रुमालाखाली बोटांनी भाव करतात. बोटांचा हिशेब येत नसेल तर सरळ तोंडी आकडा मागा, त्यात कमीपणा नाही.

२०२२ मध्ये लम्पी या गुरांच्या साथीच्या त्वचारोगामुळे राज्यातले जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले होते. त्यामुळे लसीची नोंद मागून घ्या, अंगावर गाठी किंवा त्यांचे व्रण असतील तर ते जनावर सोडून द्या. कानातला बारा आकडी बिल्ला पावतीवरच्या नंबराशी ताडून बघा. बिल्ला नसेल तर स्वस्त मिळालं तरी घेऊ नका, वाटेत गाडी अडते. घोडा घेणार असाल तर ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाच्या रक्ततपासणीचा दाखला हातात आल्याशिवाय विसारही देऊ नका.