एकाहत्तर हजारांचा वेबकॅम

मुलीच्या नेमबाजीच्या सरावासाठी एक यंत्र घेतलं, त्यात फसलो आणि एकूण ७१,००० रुपये गेले. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण ज्याला ज्याला ही हकिगत सांगितली त्याने पहिल्यांदा तोच विचारला. १५,००० टोकन, ४६,००० यंत्र बसवलं त्या दिवशी, आणि वर १०,००० 'सॉफ्टवेअर ॲक्टिव्हेशन'चे. तिसऱ्यांदा पैसे मी का दिले, हे मला अजून उमगलेलं नाही. बायकोला उमगलंय, पण ती बोलत नाही.

मुलगी अकरावीत आहे. दोन वर्षं १० मीटर एअर रायफल करते, आठवड्यातून तीन दिवस पुण्यात बालेवाडीच्या रेंजवर. आम्ही धायरीला राहतो, त्यामुळे नवले पूल, वारजे, चांदणी चौक असं करत पोचेपर्यंत निम्मा जीव रस्त्यातच जातो. उरलेल्या दिवशी घरी ड्राय प्रॅक्टिस, म्हणजे छर्रा न भरता नेम धरायचा आणि ट्रिगर दाबायचा. सराव चांगला होतो, पण भिंतीवर भोक पडत नाही. ट्रिगर सुटला तेव्हा नळी नक्की कुठे होती, हे मारणाऱ्याच्या मनालाच ठाऊक.

एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो. क्वालिफिकेशनला ६० शॉट, गुण दशांशात मोजतात, एका शॉटला जास्तीत जास्त १०.९. एवढ्या बारीक हिशेबात मन आपलीच बाजू घेतं. म्हणून इलेक्ट्रॉनिक ट्रेनर वापरतात. नळीच्या टोकाशी एक हलका सेन्सर बसवायचा. तो समोरच्या काळ्या गोलाकडे बघत राहतो, आणि नळी जशी हलेल तशी लॅपटॉपवर रेष उमटते. ट्रिगरच्या आधीच्या सेकंदात हात कुठे थरथरला, कुठे ओढला गेला, सगळं दिसतं. झेरॉक्स म्हणावं तसं रेंजवर या प्रकाराला सरसकट 'स्कॅट' म्हणतात, कारण त्या नावाचं यंत्र प्रसिद्ध आहे. मला विकलं गेलं ते त्या कंपनीचं नव्हतं. ते कुठल्याच कंपनीचं नव्हतं.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये आपल्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिस ऑलिम्पिकला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मिळवलं आणि रेंजबाहेरचा आम्हा पालकांचा बाक एकदम भरून गेला. त्या बाकावर आम्ही डबे खातो, दुसऱ्यांच्या मुलांचे स्कोअर विचारतो आणि आपल्या मुलांचे थोडे वाढवून सांगतो. यंत्र विकणारा माणूस मला तिथेच भेटला. पन्नाशीचा, खांद्याला जुनी किटबॅग, बोलणं अगदी मऊ. "सर, नवीन घ्यायला गेलात तर लाखाच्या पुढे. माझ्याकडे एका अकॅडमीतून निघालेला पीस आहे, मुलीचं वर्ष वाया घालवू नका." तो हे तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा मी टोकन दिलं. यूपीआयवर भलत्याच बाईचं नाव आलं. "मिसेसचं अकाउंट आहे सर." बरं म्हटलं.

रविवारी सकाळी तो घरी आला. आल्या आल्या भिंतीला ड्रिल लावलं आणि टार्गेट माझ्या कपाळाच्या उंचीवर टांगलं. नियमाप्रमाणे दहा मीटरच्या टार्गेटचा मध्य जमिनीपासून १.४ मीटरवर असतो, म्हणजे माझ्या छातीशी. मुलीने सांगितलंही. "घरच्या प्रॅक्टिसला चालतं ताई."

आमचा हॉल कसाबसा पाच मीटर. त्याने रेंजवरचंच पूर्ण आकाराचं टार्गेट लावलं होतं. त्यावरचा काळा गोल ३०.५ मिलिमीटरचा असतो, तोही दहा मीटरवरून बघण्यासाठी. अंतर निम्मं केलं तर गोलही निम्मा, साधारण १५ मिलिमीटरचा लागतो. मुलीने नेम धरला आणि म्हणाली, "बाबा, गोल फ्रंट साइटच्या रिंगमध्ये बसतच नाहीये, बाहेर जातोय." फ्रंट साइट म्हणजे नळीच्या टोकाची गोल कडी, काळा गोल तिच्या मधोमध धरून नेम लावतात. तो म्हणाला, "सॉफ्टवेअर ॲडजस्ट करून घेतं." सॉफ्टवेअर करत असेल, पण साइटमधून बघणाऱ्या डोळ्यात ते कसं ॲडजस्ट होणार, हे मी विचारायला हवं होतं. मी इलेक्ट्रिकल डिप्लोमावाला आहे. त्या क्षणी मी चहात साखर किती, ते विचारत होतो.

लॅपटॉप त्याचा. माझ्यावर नंतर टाकून देतो म्हणाला. सेन्सर नळीला लावला, वायर जोडली आणि पडद्यावर रेष सुरू झाली. खरं सांगतो, मी हरखून गेलो. मुलगी श्वास सोडून स्थिर झाली, क्लिक झालं, १०.२. पुन्हा क्लिक, ९.८. पुन्हा, १०.५. मधूनमधून ९.६ पण यायचा, म्हणून तर शंका आली नाही. सगळे दहाच्या वर आले असते तर मी सुद्धा जागा झालो असतो. त्याचा उजवा हात सगळा वेळ माउसवर होता. बघत होतो, पण माझ्या डोक्यात काहीच आलं नाही.

मुलीच्या मात्र आलं होतं. शूटर पडद्याकडे किंवा टार्गेटकडे बघण्याआधी स्वतःशी शॉट 'कॉल' करतात. म्हणजे आपला शॉट खाली गेला, डावीकडे गेला, हे ट्रिगर सुटता सुटताच सांगतात. दिशा घड्याळाच्या आकड्यांनी सांगायची, सहा म्हणजे खाली, तीन म्हणजे उजवीकडे. ती म्हणाली, "हा माझा सहाला गेलाय." पडदा म्हणाला तीनला. पुढचा तिने तीनला सांगितला, पडदा म्हणाला नऊला. "कॅलिब्रेशन बाकी आहे ताई, आत्ताच बसवलंय." ऐकायला पटतं. पण कॅलिब्रेशन चुकलेलं असेल तर सगळे शॉट एकाच दिशेला, सारखेच सरकतील. एक इकडे, एक तिकडे असं होणार नाही. हे मला मंगळवारी सुचलं. ४६,००० रविवारीच गेले होते.

सोमवारी त्याने पेन ड्राइव्ह पाठवला आणि ॲक्टिव्हेशनचे १०,००० घेतले. रात्री जेवणं झाल्यावर मी प्रोग्रॅम चालू केला. रायफल पेटीत कुलूपबंद होती, सेन्सर टेबलावर पालथा पडला होता, वायर जोडलेली. आणि पडद्यावर रेष दहाच्या आत हळूहळू घिरट्या घालत होती. मग 'टक्' असा आवाज. १०.४.

मुलगी आधी हसली. मग जवळ येऊन दोन-तीन शॉट नीट बघितले आणि म्हणाली, "बाबा, हे कुणीतरी दुसरंच आहे. हा माणूस नेम धरताना खालून वर येतो. मी वरून खाली येते." कुठल्या तरी चांगल्या नेमबाजाचं रेकॉर्ड केलेलं सेशन आम्ही रविवारभर कौतुकाने बघत बसलो होतो. माउस दाबला की पुढचा शॉट, नाही दाबला तर आपोआप.

सेन्सर उघडला. प्लॅस्टिकची छापील डबी, आत साधा यूएसबी वेबकॅम, आणि हातात भरीव लागावं म्हणून ग्लू गनने चिकटवलेले तीन वॉशर. वजन लागावं म्हणून वॉशर घालण्याची त्याची अक्कल बघून मला क्षणभर दादच द्यावीशी वाटली. खऱ्या वस्तूचं कौतुक उलटं असतं, ती जितकी हलकी तितकी चांगली, कारण नळीच्या टोकाला ओझं वाढलं की रायफलचा तोलच बदलतो.

त्याचा फोन पुढे दोन दिवस लागत होता. "सर, ओरिजिनल डोंगल कस्टममध्ये अडकलंय, ७,५०० भरले की सुटेल." हे पैसे मी दिले नाहीत, एवढीच काय ती माझी कमाई. त्यानंतर फोन बंद.

मग मी त्याने दिलेलं बिल काढून बघितलं. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो. बिलावर पत्ता पुण्याचा, क्रमांक २९ ने सुरू, म्हणजे कर्नाटकाचा, आणि मोजले तर १४ च. जीएसटीच्या पोर्टलवर टाकला असता तर अर्ध्या मिनिटात कळलं असतं. मी बिल मिळालं याच आनंदात ते फाइलला लावून टाकलं होतं.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला तो नवव्या दिवशी, कारण आठ दिवस मला वाटत होतं की तो फोन उचलेल. तोवर खात्यात काही उरलं नव्हतं. ती हेल्पलाइन लवकर कळवलं तरच कामाची, पैसे पुढच्या खात्यात पळण्याआधी अडवायचे असतात. सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर तक्रार केली आहे, पोलीस ठाण्यात अर्ज दिला आहे. पुढचं होईल तेव्हा होईल.

हे सगळं लिहितोय त्याचं कारण वेगळंच. महिन्याभराने बाकावर मी हळूच विषय काढला, तर शेजारचे पिंपरीचे गृहस्थ डबा बंद करून माझ्याकडे बघायला लागले. त्यांचे ५२,००० गेले होते, माझ्या दोन महिने आधी. त्यांनी सांगितलं असतं तर माझे वाचले असते, असं मी त्यांना म्हणालो नाही, कारण मीही तोवर महिनाभर गप्पच होतो. कात्रजच्या एक ताई निघाल्या, त्यांचेही गेलेले. तिघांनाही तोच रविवार, तोच चहा, तेच "मुलीचं वर्ष वाया घालवू नका". ताईंचा मुलगा आहे, तर त्यांना "मुलाचं".

तेव्हा कुणी असं यंत्र दाखवायला आला तर लॅपटॉप तुमचा वापरा. त्याला माउसपासून लांब, शक्यतो गॅलरीत बसवा. सेन्सरच्या काचेवर बोट ठेवा, रेष जायलाच पाहिजे. बोट काढा, रायफल मुद्दाम डावीकडे न्या, रेष डावीकडेच गेली पाहिजे. मुलांना पडदा न दाखवता दहा शॉट कॉल करायला सांगा आणि मग ताडून बघा. सिरियल नंबर घ्या आणि थेट बनवणाऱ्या कंपनीला विचारा. एवढं करायला दहा मिनिटं लागतात, आणि खरा विकणारा एवढ्याने रागावत नाही. आमच्या मुलीच्या सरांनी नंतर दुसऱ्या एकाचं यंत्र असंच तपासून घेतलं, तर तो माणूस उलट खूश झाला आणि स्वतःच बोट ठेवून दाखवायला लागला.

सध्या मुलगी जुन्याच पद्धतीने करते. १५ मिलिमीटरचा काळा गोल छापून आणला, टेपने १.४ मीटर मोजून भिंतीवर लावला, आणि शेजारी वहीत प्रत्येक शॉटचा कॉल लिहिते. त्या गोलाच्या वर, माझ्या कपाळाच्या उंचीला, त्याने पाडलेली दोन भोकं आहेत. पुट्टी आणून ठेवली आहे. बुजवायचं म्हणतो आणि राहून जातं.