फायबरवर्क्स : भिवंडीच्या डॉबीला ब्लॉक रिपीट कितपत झेपतो?

सोळा शाफ्टच्या डॉबीवर (शाफ्ट म्हणजे ताण्याचे उभे तार उचलणारी चौकट, डॉबी म्हणजे या चौकटी ठरल्या क्रमाने उचलणारं मागावरचं यंत्र) चौकडी किंवा डमास्कच्या अंगाचं डिझाइन काढणाऱ्या भिवंडीतल्या छोट्या कारखानदाराला फायबरवर्क्स हे विणीचं डिझाइन काढायचं सॉफ्टवेअर पुरेसं आहे. जॅकार्डचं, म्हणजे तार सुटे सुटे उचलायचं काम असेल तर घेऊ नका, ते शाफ्टच्या मागांसाठीच आहे.

पैसे वसूल होतात ते ब्लॉक सब्स्टिट्यूशनमध्ये. प्रोफाइलवर, म्हणजे डिझाइनच्या ढोबळ आराखड्यावर, चौकोन भरायचे आणि प्रत्येक चौकोनाच्या जागी पूर्ण विणीचा तुकडा बसवून घ्यायचा. ३/१ आणि १/३ ट्विलला (तीन तार वर-एक खाली आणि त्याच्या उलट, अशा तिरक्या विणी) ब्लॉकमागे ४ शाफ्ट लागतात, म्हणजे सोळात चारच ब्लॉक: ए, बी, सी, डी. प्रोफाइल २४ चौकोनांचं असेल तर रिपीट, म्हणजे डिझाइनचा पुन्हा पुन्हा येणारा भाग, ९६ तारांचा. असे २५ रिपीट म्हणजे २४०० तार, काठाचे वेगळे.

मिरर मात्र प्रोफाइलवरच करा, सब्स्टिट्यूशनच्या आधी. सब्स्टिट्यूशननंतर उघडलेला ड्राफ्ट (कोणता तार कोणत्या शाफ्टवर, याचा नकाशा) उलटवला की शाफ्टचा क्रम १-२-३-४ नंतर लगेच ४-३-२-१ येतं. चौथ्या शाफ्टचे दोन तार शेजारी बसतात, एकत्र उठतात आणि कापडावर उभी रेघ दिसते. प्रोफाइलवरही ए-बी-सी-डी-सी-बी इथेच थांबा. शेवटी आणखी एक ए टाकलात तर पुढच्या रिपीटचा ए त्याला चिकटतो आणि तो पट्टा दुप्पट रुंद होतो.

दोन ब्लॉकच्या सांध्यावर लांब फ्लोट (न विणले गेलेले मोकळे दोरे) सुटतात, कारण दोन्ही ट्विल एकाच दिशेने लावलेले असतात. १/३ मध्ये पहिल्या ते चौथ्या पीकला (बाण्याच्या आडव्या दोऱ्याला) अनुक्रमे १, २, ३, ४ नंबरचा तार वर ठेवा. ३/१ मध्ये ४, ३, २, १ खाली. मग सांधा सुरीने कापल्यासारखा स्वच्छ येतो, उभाही आणि आडवाही.

पडद्यावरचा चौकोन कापडावर चौकोन राहीलच असं नाही. इंचाला ६० तार आणि ४८ पीक असतील तर ९६ तार १.६ इंचांत बसतात. तेवढ्याच उंचीला ७६ पीक पुरे, म्हणजे बाण्याकडे २४ नव्हे, १९ चौकोन.

पेग प्लॅन (कोणत्या पीकला कोणते शाफ्ट उचलायचे, याचा तक्ता) काढताना टाय-अप रायझिंग आहे ना, म्हणजे खूण केलेले शाफ्ट वर उचलले जाणारे आहेत ना, बघा, नाहीतर कापडाची उलटी बाजू वर येईल. डबल लिफ्ट डॉबीत खुंट्या बसवायच्या एका पट्टीवर दोन पीक बसतात, म्हणून ७६ पीकला ३८ पट्ट्या. पीकची संख्या विषम आली तर रिपीट दोनदा घ्या. इलेक्ट्रॉनिक डॉबीचा कंट्रोलर विफ (WIF, विणीचा ड्राफ्ट साठवणारी) फाइल वाचतो का, हे मात्र सॉफ्टवेअर घेण्याआधीच मशीनवाल्याला विचारा. नाहीतर प्लॅन हातानेच भरावा लागेल.