टोमॅटो टिकवण्याच्या दोन वाटा: ‘रिन’ आणि पेक्टेट लायेज

टोमॅटो जास्त दिवस टिकावा म्हणून एक तर पिकण्याची सगळी प्रक्रियाच मंदावता येते, किंवा फक्त फळाचे मऊ पडणे रोखता येते.

पहिली वाट ‘रिन’ या नैसर्गिक उत्परिवर्तनाची आहे. त्यामागचे मूळ जनुक २००२ मध्ये ओळखले गेले. ते इथिलीन (फळ पिकवणारा वायू), लाल रंग, सुगंध आणि मऊपणा यांच्याशी संबंधित अनेक जनुकांना चालना देते. उत्परिवर्तनाच्या दोन्ही प्रती असलेले फळ लाल होतच नाही, म्हणून संकरित वाणांत एकच प्रत ठेवतात. असे फळ लाल होते आणि टिकतेही, पण त्याची चव उणावते. २०१७ मध्ये मात्र असे दिसले की मूळ जनुक पूर्ण निकामी केले तरी पिकणे सुरू होते, म्हणजे ‘रिन’मध्ये ते नुसते बंद पडलेले नसून शेजारच्या जनुकाशी जोडले गेल्याने तयार झालेले प्रथिन पिकण्याला अडवत असते. या विषयातली हीच उकल मला सर्वांत मोलाची वाटते.

दुसरी वाट पेक्टेट लायेजची आहे. हे पेशीभित्तिकेतील पेक्टिन, म्हणजे पेशींना घट्ट धरून ठेवणारा पदार्थ, तोडणारे विकर आहे. त्याचे जनुक दडपल्यास फळ टणक राहते आणि रंग व चव फारशी बदलत नाही, असे २०१६ मध्ये दाखवले गेले. १९९४ मध्ये अमेरिकेत विक्रीस आलेल्या ‘फ्लेवर सेव्हर’ या जनुक बदललेल्या टोमॅटोत पॉलिगॅलॅक्टुरोनेज हे पेक्टिन तोडणारे दुसरे विकर दडपले होते, पण त्याने मऊपणा फारसा घटला नव्हता.

खाणाऱ्याच्या दृष्टीने दुसरी वाट सरस आहे; पैदासकाराला मात्र ‘रिन’ साध्या संकरातून मिळते.