व्याख्यान देणाऱ्याने करसल्ला घ्यावा का? जळगावच्या एका सीए कार्यालयाचा अनुभव

ज्या कार्यालयाविषयी लिहीत आहे, त्याचे नाव मी देणार नाही. कौतुकासाठी नाव दिले तर ती जाहिरात होईल, आणि पुढे दोन तक्रारीही आहेत, त्या नावासकट छापणे मला प्रशस्त वाटत नाही. जळगावच्या जुन्या बाजारपेठेतील एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर हे कार्यालय आहे, एवढे पुरे.

मी निवृत्त प्राध्यापक आहे. निवृत्तिवेतन, स्पर्धा परीक्षांच्या एका खासगी वर्गात शिकवण्याचे मानधन आणि ठेवींवरील व्याज ही माझी मिळकत आहे. शिवाय चोपडा तालुक्यात वडिलोपार्जित केळीची जमीन आहे, ती धाकटा भाऊ कसतो आणि माझ्या वाट्याचे पैसे चोख देतो. एप्रिल २०२५ मध्ये २०२५-२६ या वर्षाचे नियोजन करून घ्यावे, म्हणून मी या कार्यालयात गेलो. वेळ साडेदहाची दिली होती आणि आत बोलावले तेव्हा बारा वाजले होते. ही पहिली तक्रार.

आत गेल्यावर ठेवी, मानधन आणि केळीचा हिशेब सीए साहेबांनी एका कागदावर मांडला आणि तेथेच माझा एक जुना गैरसमज दूर झाला. शेतीचे उत्पन्न करमुक्त आहे, म्हणजे ते कराच्या हिशेबात येतच नाही, अशी माझी आणि आमच्या भागातील बहुतेक सुशिक्षितांची समजूत आहे. प्रत्यक्षात ज्याचे इतर उत्पन्न करमर्यादेच्या वर आहे आणि शेतीचे निव्वळ उत्पन्न पाच हजारांहून अधिक आहे, त्याचा दर ठरवताना शेतीचे उत्पन्न मिळवूनच आकडेमोड होते. माझे इतर करपात्र उत्पन्न १४ लाख आणि केळीचे ३ लाख धरले, तर नव्या करपद्धतीत १४ लाखांवरील कर ९० हजार येतो. शेती मिळवून १७ लाखांवरचा कर १ लाख ४० हजार काढायचा, त्यातून ७ लाखांवरचा, म्हणजे शेतीचे ३ आणि मूळ सवलतीचे ४ लाख मिळून येणाऱ्या रकमेवरचा, १५ हजार कर वजा करायचा. उरतात १ लाख २५ हजार, वर उपकर वेगळा. केळीवर कर नाही, पण केळीमुळे माझ्या पेन्शनवरचा कर ३५ हजारांनी वाढतो. गावाकडे कोणी मला हे कधी सांगितले नव्हते, आणि आधीच्या करसल्लागाराने तर शेतीचा रकानाच कोरा ठेवलेला होता.

यावर मी जे विचारले, ते येथे लिहिताना संकोच वाटतो. वर्गाच्या मानधनाचा काही भाग भावाच्या नावे केळीचे उत्पन्न म्हणून दाखवता येईल का, असे मी विचारले. साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "सर, त्याला नियोजन म्हणत नाहीत, त्याला चोरी म्हणतात. तेवढ्यासाठी दुसरा माणूस पाहावा लागेल." मग पत्नीच्या नावे ठेव करण्याचा विषय निघाला. पतीने दिलेल्या पैशांवरील व्याज पतीच्याच उत्पन्नात धरले जाते, त्यामुळे त्याचा उपयोग नाही, असे त्यांनी दोन वाक्यांत संपवले. आईच्या नावे मात्र करता येईल. आईला दिलेल्या भेटीवर कर नाही, व्याज तिचेच धरले जाते, तिला दुसरे काही उत्पन्न नसल्याने १५-एच हा ज्येष्ठांसाठीचा तेव्हाचा अर्ज भरला की बँक करही कापणार नाही. वर्षाला एक लाख व्याज देणारी ठेव हलवली, तर माझे २० हजार आणि उपकर वाचतो. सारे काही कायद्यात बसणारे.

मी खूश झालो, आणि तेव्हाच त्यांनी विचारले, "सर, चोपड्याच्या व्याख्यानमालेत तुम्ही मॉरिशसबद्दल बोलला होता ना? मी होतो तेथे."

मी खरोखरच बोललो होतो. १९८२ च्या करारामुळे मॉरिशसमार्गे आलेल्या गुंतवणूकदारांना भारतीय समभागांच्या विक्रीवरील नफ्यावर भारतात कर लागत नव्हता आणि तेथेही लागत नव्हता. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मार्ग वैध ठरवला, आणि अखेर २०१६ मध्ये करार बदलून १ एप्रिल २०१७ पासून घेतलेल्या समभागांवर कर आला, हे सगळे सांगून मी टाळ्या घेतल्या होत्या. कायद्यात बसते म्हणून ते नीतीत बसते असे नाही, हे माझे शेवटचे वाक्य होते. "मग मॉरिशसचा कागद आणि आईच्या नावाचा कागद, यांत फरक काय धरायचा?" असे त्यांनी विचारले. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. त्यांना उत्तर हवे होते.

दांभिकतेचा आरोप ऐकला की आपण दोनपैकी एक करतो: एक तर गप्प बसतो, किंवा आरोप करणाऱ्याचे बिंग शोधतो. ब्रिटनमध्ये २०१२ साली जिमी कार या विनोदी कलाकाराचे असेच झाले. दूरचित्रवाणीवर एका मोठ्या बँकेच्या कमी कराची त्याने खिल्ली उडवली होती, आणि तोच जर्सी या कमी कराच्या बेटामार्गे चालणाऱ्या एका करटाळू योजनेत असल्याचे उघड झाले. पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांनी ते नैतिकदृष्ट्या चुकीचे असल्याचे म्हटले आणि कारने माफी मागितली. चार वर्षांनी पनामा कागदपत्रांतून, म्हणजे परदेशस्थ कंपन्यांच्या फुटलेल्या कागदपत्रांतून, कॅमेरॉन यांच्या वडिलांचा परदेशस्थ निधी समोर आला, आणि त्यात आपलाही हिस्सा होता व तो २०१० मध्ये विकला, हे त्यांना मान्य करावे लागले. यात कोण किती दोषी हा वेगळा विषय आहे. पण विनोद करणारा दांभिक निघाला म्हणून बँकेबद्दलचा विनोद खोटा ठरला का? माझ्या मते नाही. वक्त्याचे पाय मातीचे असले, तरी मॉरिशसच्या करारातील भोक बुजत नाही.

मात्र एवढ्यावर वक्त्याची सुटका होत नाही, हेही त्या खुर्चीत बसून मला कबूल करावे लागले. अमेरिकी अब्जाधीश गुंतवणूकदार वॉरन बफे यांनी २०११ मध्ये श्रीमंतांवरील कर वाढवा असे लिहिले, तेव्हा आपण करपात्र उत्पन्नाच्या १७.४ टक्केच कर भरला आणि कार्यालयातील इतर वीस जणांपैकी प्रत्येकाने त्याहून अधिक टक्के भरला, हेही सांगितले. इतकेच वाटते तर सरकारला धनादेश पाठवा, असे टीकाकार म्हणाले. पण बफे नियमावर बोट ठेवत होते आणि स्वतःचा आकडा आधीच टेबलावर ठेवून बोलत होते. मी व्याख्यानात नियमावर कमी आणि माणसांवर अधिक बोललो होतो, स्वतःचा आकडा तर सांगितलाच नव्हता. केळीच्या करमुक्तीचा साधा उल्लेखही केला नाही, कारण समोर बसलेले निम्मे श्रोते केळीवालेच होते. शेतीच्या बड्या उत्पन्नावर कर असावा, हे १९७२ च्या राज समितीपासून २००२ च्या केळकर समितीपर्यंत सांगून झाले आहे. चोपड्यात उभे राहून मॉरिशसवर बोलणे सोपे असते.

मी उत्तर द्यायचा प्रयत्न केला. सरकारने सर्वांपुढे ठेवलेली सवलत घेणे वेगळे आणि कर सोडून दुसरे कारणच नसलेली रचना उभी करणे वेगळे, असे मी म्हणालो. २०१७ पासून लागू झालेला व्यापक करटाळणीविरोधी नियमही रचनेमागचा मुख्य हेतू आणि व्यवहारातील सत्त्व पाहतो. साहेबांनी मान हलवली. तो नियम तीन कोटींहून अधिक करलाभाला लागतो, तुमच्या वीस हजारांकडे कोणी पाहणार नाही, असे ते म्हणाले. "पण कसोटी तुम्हीच सांगितली, तर लावून पाहा. पैसे आईला दिले, तर ते आईचे झाले पाहिजेत. उद्या त्यांनी ते धाकट्या भावाला दिले, तर चालेल?"

सल्ल्याच्या शुल्कात मिळालेला हा प्रश्न सर्वांत मोलाचा होता. मी हो म्हणालो आणि पुढच्या आठवड्यात सहीसाठी आईला घेऊन गेलो. ती चौऱ्याऐंशी वर्षांची आहे, अहिराणीच बोलते. साहेबांनी तिला सावकाश समजावले, तिने ऐकले आणि माझ्याकडे वळून विचारले, "मंग त्या पैसा मन्हा ना रे भाऊ?" तुझेच, असे मी म्हणालो. तिने लगेच सांगितले की धाकट्याच्या विहिरीची मोटार जळाली आहे आणि ठिबकच्या नळ्याही बदलायच्या आहेत, तेव्हा निम्मे पैसे त्याला देऊन टाकू. माझा चेहरा कसा झाला असेल, ते साहेबांच्या चेहऱ्यावरून कळले. भेटपत्राचा मसुदा त्यांनी मुकाट्याने फाईलमध्ये ठेवला.

ठेव माझ्याच नावे राहिली आणि तिच्यावरचा कर मी भरला. नीतीचे नाव घेण्याची सोय नाही, कारण पैसे हातचे जातील या भीतीनेच मी तसे केले. मोटारीचे पैसे मात्र नंतर वेगळे दिले.

दुसरी तक्रार सहायकाविषयी आहे. आदल्या वर्षाचे विवरणपत्र भरताना त्याने वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस, न पाहताच आकडे टाकले आणि एका सहकारी बँकेचे व्याज सुटले. पडताळणीपूर्वी माझ्या लक्षात आले म्हणून निभावले, नाहीतर नोटीस ठरलेली होती. साहेबांनी चूक मान्य केली आणि त्या कामाचे पैसे घेतले नाहीत. बाकी शुल्काची पक्की पावती जीएसटीसह मिळाली. सोन्याच्या दुकानात "बिल करू की राहू देऊ?" हे ऐकायची सवय झालेल्या आमच्या शहरात ही बाब नोंदवण्यासारखी आहे.

पगारदार आणि एकाच ठिकाणची पेन्शन असणाऱ्यांना या कार्यालयाची गरज नाही. विवरणपत्र घरी भरता येते. शेती, मानधन आणि ठेवी अशी सरमिसळ असणाऱ्यांनी जरूर जावे, सकाळची पहिली वेळ मागावी आणि एआयएसची प्रत सोबत न्यावी. इमारतीला उद्वाहन नाही. आईला दोन जिने चढवताना मधल्या वळणावर दहा मिनिटे बसवावे लागले होते, आणि तेथे खुर्ची नाही.