सफरचंद: सोलून की शिजवून?

भाची जर्मनीहून वडोदऱ्याला परतली. तिकडे तिला बर्च या झाडाच्या परागांची ॲलर्जी जडली होती. झाडं तिकडेच राहिली, पण खंडेराव मार्केटातलं कच्चं सफरचंद खाल्लं की तिचे ओठ अजून खाजतात. "मावशी, सोलून खाऊ की शिजवून?"

सोलणं मिनिटाचं काम, करकरीतपणाही राहतो. पण खाज आणणारं, बर्चच्या परागांतल्यासारखं प्रथिन सफरचंदाच्या सालीत जास्त असलं तरी गरातही असतंच, भरवसा अर्धाच. शिजवल्यावर हे नाजूक प्रथिन मोडतं. दालचिनी घालून फोडी मऊ होईस्तोवर वाफवल्या की बहुतेकांना त्रास होत नाही. शेंगदाणे-बदामांना मात्र हा नियम लावू नका, ते भाजूनही बाधू शकतात.

जिभेला जेमतेम चुरचुरतं त्यांनी सोलून थोडं खावं. रोज फळ हवं असेल त्यांनी शिजवूनच. घसा सुजला किंवा धाप लागली तर दोन्ही बंद, तडक दवाखाना.